शेळ्यांशी बोलणारा बाजी

आमच्या ताम्हिणीच्या वाडीवर बाजी धनगराएवढा तोंडाळ माणूस दुसरा न्हवता. शेळ्यांना शिव्या, ढगांना शिव्या, पोराला तर न्याहारीच्या आधी. पोरगा धनाजी हिंजवडीला कंपनीची गाडी चालवायचा, सून सुलक्षणा तिथंच हापिसात. दोघं दिवसभर बाहेर, म्हणून तान्ही लेक अपेक्षा त्यांनी बाजीच्या गळ्यात घातली.

म्हातारी कधीच गेलेली. बाजीनं पोर घोंगडीत बांधून रानात नेली, शेळीचं दूध पाजलं आन बोलायला शिकवलं. करवंदीच्या जाळीपाशी दोघांची बडबड वाडीला ऐकू यायची.

"आबा, ही शेळी लई आगाव हाय."

"तुज्या बापावर गेलीया."

शाळेचं वय झालं तशी पोर हिंजवडीला नेली. इंग्रजी शाळेतल्या बाईंनी विचारलं, घरी कोण कोण असतं? पोर म्हणाली, "आबा हाय. न् लई शेळ्या हायेत. बोकड लई माजलाय." बाई हसल्या. शाळेनं काय पोर घेतली न्हाई.

त्या दिवाळीला सुलक्षणानं सासऱ्याला बाजूला घेतलं. "आबा, राग मानू नका. पण तिच्याशी जरा कमी बोलत जा. तिची भाषा बिघडते."

"भाषा काय खरूज हाय व्हय, अंगाला लागायला?"

धनाजी बुटाची नाडी बांधत राहिला. बाप त्याच्याकडं बघतोय हे त्याला कळत व्हतं. नाडी काय सुटंना न् बसंना.

"कमी बोलायचं मला जमायचं न्हाई," बाजी म्हणाला. "त्यापरीस बोलतच न्हाई."

आन मेल्यानं शब्द पाळला. पोर सुट्टीला यायची, आबा आबा करीत मागं लागायची. हा तिच्या वंजळीत करवंदं घालायचा आन तोंड फिरवायचा. पोर रडली, मग रुसली, मग तिला सवय झाली. दुसऱ्या शाळेनं तिला घेतली. आबाचा आजोबा झाला.

दोन हजार नऊच्या मे महिन्यात ती आईसंगं आली, जुईली नावाच्या मैत्रिणीला घेऊन. मी तितंच अंगणात बसलो व्हतो.

"तुझे आजोबा मुके आहेत का गं?" जुईलीनं विचारलं.

"मुके नाहीत. त्यांना आवडत नाही बोललेलं."

तेवढ्यात खालच्या अंगाला बाजीचा आवाज आला. "सरक की सटवे. तुज्या आयनं असाच पाय मोडून घेतला व्हता. तुला आता खांद्यावर घेऊ व्हय?"

अपेक्षा ऐकत उभी राहिली. मग उतरून त्याच्यापुढं गेली. "आजोबा, माझ्याशी पण असं बोला ना."

सुलक्षणा दारातनं म्हणाली, "बोला की आबा. आता काही बिघडत नाही तिचं."

बाजीनं तोंड उघडलं. पोरीकडं बघितलं, तिच्या उंचीकडं बघितलं. तोंड मिटलं.

"काय बोलू?" तो सुनंला म्हणाला. "शेळ्यांचं तेवढं येतंय आता."

काठी उचलून तो निघाला. टेकाडाआड होईस्तवर त्याची बडबड ऐकू येत व्हती.