घड्याळजींची डावी बाही

काकूंच्या घरात कापडाला मरण नव्हतं. इतरांकडे शर्टाची कॉलर विरली, की त्याचं आधी फडकं होतं आणि मग तो कचऱ्यात जातो. काकूंकडे तो कात्रीखाली जाई, बोटभर रुंदीच्या एका सलग पट्टीत उतरे, पट्टीचा गुंडा होई आणि आठवड्याभरात पायपुसणं होऊन दारात हजर. हॉस्पिटलच्या शिवणखोलीत तीस वर्षं चादरींना ठिगळं लावून काकू निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी क्रोशाची जाड सुई हाती धरली. ती अजून खाली ठेवलेली नाही. गॅसच्या सिलिंडरला झगा होता, स्टुलाच्या चारही पायांना मोजे होते, बादलीच्या कडीला मऊ मूठ होती. पाहुणे खुर्चीपाशी घुटमळत विचारत, "इथं बसलं तर चालेल ना? की हे नुसतं बघायचं?"

काकूंचे यजमान घड्याळजी. कोपऱ्यावर त्यांचं दुकान. दुकान म्हणजे एक खिडकी, खिडकीमागे एक दिवा आणि दिव्यामागे डोळ्याला भिंग लावलेले ते. बायकोच्या कलेवर त्यांचं बारीक लक्ष असे, म्हणजे स्वतःच्या कपड्यांपुरतं. आंघोळीला जाताना ते अंगावरचे कपडे आत घेऊन जात आणि कडी लावत. "बाहेर ठेवले, तर अंग पुसेपर्यंत त्यांची टोपली होते," असं ते येईल त्याला सांगत. काकू फणकारत, पण असले टोमणे ऐकल्याशिवाय त्यांचा दिवस उगवतही नसे.

तपकिरी स्वेटर मात्र या कडीकोयंड्यातून निसटला.

तो काकूंनीच विणला होता, लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत, पहिल्यांदाच सुया हातात धरून. स्वेटर झाला, पण डावी बाही उजवीपेक्षा चांगली दोन बोटं लांब. चूक कबूल करणं नव्या सुनेला परवडण्यासारखं नव्हतं आणि पुढे सवय राहिली नाही. "बाही बरोबर आहे," त्यांनी साऱ्या घराला ठणकावून सांगितलं होतं, "यांचा डावा हातच आखूड आहे." घड्याळजींनीही ते मुकाट्याने मानलं. ती लांब बाही तळव्यावर ओढून ते चहाचा गरम पेला धरत. तीस थंड्या पेला धरला. मग कोपरं फाटली आणि गेली दोन वर्षं स्वेटर कपाटाच्या तळाशी पडून होता.

पडून असलेलं कापड काकूंना बघवत नाही. त्यांनी तो उसवला. बरीचशी लोकर कुजली होती, धड निघाली ती थोरल्या जाऊबाईंसाठी केलेल्या पायपुसण्याला लागली. मधे जुन्या चादरीच्या पट्ट्यांचं गोल आणि बाहेरून तपकिरी लोकरीच्या सात फेऱ्या. या जाऊबाईंनी आजवर काकूंच्या कुठल्याही वस्तूला "बरी आहे"च्या वर चढू दिलं नव्हतं. हे पायपुसणं बघून त्या म्हणाल्या, "छान झालंय गं." काकू घरी आल्या त्या जवळजवळ तरंगतच.

तरंगणं तीन दिवस टिकलं. चौथ्या सकाळी थंडी पडली आणि घड्याळजींनी कपाट उघडलं.

"अगं, माझा तपकिरी स्वेटर कुठं आहे?"

"तो होय? उसवला की."

"उसवला?"

"दोन वर्षं घातला नाहीत. मला वाटलं, संपला."

"संपत आला होता," घड्याळजी म्हणाले, "म्हणूनच घालत नव्हतो."

"अहो, दुसरा विणून देते. याच्यापेक्षा चांगला."

"बरं," ते म्हणाले आणि दुकानात गेले.

काकू घाबरल्या त्या या "बरं"ला. त्याच्या पुढे काहीच नव्हतं. टोमणा नाही, टोपली नाही, काही नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरचे पाच दिवसही नाही. घड्याळजी जेवत, "मीठ दे" म्हणत, दुकानात जात. आंघोळीला जाताना कपडे खुंटीवर सोडून जात. आता न्यायला उरलंय काय, असा त्यांचा चेहरा होता. काकूंनी मुद्दाम त्यांच्यासमोर त्यांच्या रुमालावर कात्री चालवली. ते नुसते बघत राहिले. भांडणाऱ्या नवऱ्याचं काय करायचं ते काकूंना ठाऊक होतं, पण या शहाण्या, शांत माणसाशी आयुष्य काढायची वेळ आली तर काय करायचं, ते ठाऊक नव्हतं.

सहाव्या दिवशी त्या जाऊबाईंच्या दारात उभ्या राहिल्या.

"ताई, ते पायपुसणं परत हवं होतं."

जाऊबाईंनी चष्मा वर केला. "आयुष्यात एकदा तुझं कौतुक केलं, तर तीच वस्तू परत मागतेस?"

"सगळं नको हो. मधलं गोल तुम्हाला राहू दे. कडेच्या फेऱ्या तेवढ्या द्या. यांच्या स्वेटरची लोकर आहे."

"तो एका बाजूने लोंबणारा? भावजींचा हात आखूड म्हणून विणलास तो?"

"तोच," काकू म्हणाल्या.

अडचण एवढीच होती, की पायपुसण्यावर मांजर झोपलं होतं आणि जाऊबाईंच्या घरात झोपलेल्या मांजराला उठवायची पद्धत नव्हती. शेवटी काकूंनी कडेची गाठ सोडली आणि टोक ओढायला सुरुवात केली. क्रोशाचं गोल काम बाहेरून सुटत येतं. एकेक फेरी निघू लागली, तसं गुळगुळीत फरशीवर पायपुसणं सावकाश फिरायला लागलं आणि त्यावर मांजरही. त्याने एक डोळा उघडला, समोरून भिंत, खिडकी, जाऊबाई, काकू असं सगळं जाताना पाहिलं आणि पुन्हा मिटला. जाऊबाई इतक्या हसल्या, की चष्मा काढून ठेवावा लागला. "थांब, तू गुंडाळ, मी ओढते," म्हणत त्या खालीच बसल्या. सात फेऱ्या सुटल्यावर मांजराखाली जेमतेम मांजराएवढंच गोल उरलं. "याला हेच माप बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

घरी येऊन काकूंनी लोकर धुतली आणि कुरळेपणा जावा म्हणून खाली लाटणं अडकवून लडी दोरीवर टांगली. वाळल्यावर अंदाज घेतला. स्वेटर सोडाच, एक बाही जेमतेम होणार होती. मग कुठली करायची, हा प्रश्नच नव्हता. चहाचा पेला धरणारी, डावी.

पण बाही काही जमेना. घड्याळजींच्या शर्टावर धरून पाहिली, तर बरोबर. उसवून दोन फेऱ्या वाढवल्या, तर नुसतीच लांब. मनगटापाशी चुरगळून बसे, तळव्यावर येईना. जुनी बाही कोपरापासूनच वेगळी सैल होती. एवढ्या वर्षांच्या सरावाने काकूंचा हात इतका तयार झाला होता, की पहिल्या थंडीतली ती चूक त्याला कशी ती येतच नव्हती. काकू सुई मांडीवर ठेवून आठवू लागल्या. तेव्हा माप घेतलं होतं कसं? ते उभे होते. मी टेप धरला होता. उजवा हात खाली सोडलेला होता आणि डावा...

काकू उठल्या आणि टेप घेऊन थेट दुकानाच्या खिडकीपाशी गेल्या.

"अहो, जरा उभे राहा. आणि डाव्या हातात घड्याळ घेऊन कानाला लावा."

घड्याळजींनी भिंग काढलं. "कशाला?"

"माप घ्यायचंय. तेव्हा तुम्ही तसेच उभे होतात. घड्याळ चालू झालं का, ते ऐकत. हात कोपरात वाकलेला आणि मी मापलं तसंच, कोपरावरून." काकूंनी श्वास घेतला. तीस वर्षांत न निघालेलं वाक्य एका दमात बाहेर काढलं. "तुमचा हात आखूड नाही. माझंच चुकलं होतं."

घड्याळजींनी हातातलं भिंग खाली ठेवलं.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "शिंप्याने पहिल्याच वर्षी दोन्ही हात मोजले होते."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सगळ्यांना सांगून मोकळी झाली होतीस. तुला खोटं कसं पाडणार? मी शिंप्यालाच सांगितलं, डावी बाही आखूडच शीव."

काकूंनी खिडकीतून त्यांच्या शर्टाकडे पाहिलं. डावं मनगट उघडं होतं. तीस वर्षं त्या हेच शर्ट धूत होत्या, निवृत्तीनंतर कापत होत्या, पट्ट्या काढत होत्या आणि एका बाहीची पट्टी नेहमी आधी का संपते, याचं नवल करत होत्या.

"उभे राहा," त्या कशाबशा म्हणाल्या.

घड्याळजी उठले. खणातलं एक घड्याळ घेऊन त्यांनी डाव्या कानाला लावलं. काकूंनी खिडकीतून आत वाकून खांद्यापासून, वाकलेल्या कोपरावरून, मनगटापर्यंत टेप धरला.

"हलू नका."

"नाही हलत. पण लवकर आटप," घड्याळजी म्हणाले. "जास्त वेळ असा उभा राहिलो, तर तू मलाच उसवायला घेशील."

काकूंनी टेप सोडला, पदराने डोळे पुसले आणि माप पुन्हा पहिल्यापासून घेतलं.