अनसूया : यातला 'सू' दीर्घ

शिरोळला नातीचे बारसे होते, त्या दिवसाची ही गंमत. नव्वदचे दशक सरत आले होते. आम्ही कोल्हापुराहून एस.टी.ने सुनेच्या माहेरी पोहोचलो, तेव्हा पाळणा सजला होता... नाव मात्र ठरले नव्हते.

माझ्या पत्नीला 'सायली' हवे होते. विहीणबाईंना 'अनुसया', दत्ताच्या आईचे नाव, आणि त्यांच्या दिवंगत आईचेही. दोघी उघड काही बोलल्या नाहीत. फक्त सकाळपासून एकमेकींशी अतिशय गोड वागत होत्या... जाणत्यांना एवढे पुरे.

माझी मुलगी, म्हणजे बाळाची आत्या, कानात नाव सांगायला वाकली आणि तशीच थांबली. कोणते सांगू, असे तिने डोळ्यांनीच मला विचारले. एक आजी दुखावणार, हे नक्की होते.

मी पडलो मराठीचा शिक्षक. निवाडा जमत नाही, विग्रह जमतो. म्हणून सांगितले, की मुळात 'अनुसया' असा शब्दच नाही. शब्द आहे 'अनसूया'. अन् अधिक असूया. नाही असूया जिला, ती... बहुव्रीही समास. आणि असूया म्हणजे दुसऱ्याचे बरे पाहून पोटात दुखणे.

'पोटात दुखणे' म्हणताच जमलेल्या बायका एकदा या आजीकडे, एकदा त्या आजीकडे पाहू लागल्या.

विहीणबाईंनी पदर सावरला. "मग तुमचंच नाव ठेवा की ओ, विहीणबाई. न्हायतर नात अनुसया आणि आजीच्याच पोटात दुखतंय, म्हणतील लोकं."

"छे हो, अनसूयाच ठेवायचं," पत्नी म्हणाली. "सायलीचं काय, दारात वेल लावीन."

झाले, भांडण उलटे सुरू झाले... आता प्रत्येकीला दुसरीचेच नाव हवे होते. अखेर पत्नीने आपलेच खरे केले. आत्या पुन्हा वाकली आणि बाळाच्या कानात म्हणाली, "अनुसया."

मी थांबवले. 'न'नंतर लगेच 'सू', आणि तो दीर्घ. तिने पुन्हा, नीट सांगितले. मी मान डोलावली. मगच बायकांनी तिच्या पाठीवर रीतसर धपाटे घातले.

"मास्तर, लेकराच्या कानात आधी व्याकरणच घातलासा की," विहीणबाई म्हणाल्या. बाळ सोडून सारे हसले.

ही बारशाची गोष्ट अनसूयेने पुढे दोन्ही आज्यांच्या मांडीवर बसून कितीदा तरी ऐकली. ती पहिलीत गेली, तेव्हा बाईंनी वर्गात तिला नावाचा अर्थ विचारला. मी पढवलेला विग्रह ती साफ विसरली.

घरी येऊन तिने आपले उत्तर मला अभिमानाने ऐकवले. "मी सांगितलं, अनसूया म्हणजे जिच्या दोन आज्या भांडत नाहीत, ती."

विग्रहाला शून्य... अर्थाला पैकीच्या पैकी. आणि दत्तगुरूंची कृपा, 'सू' अगदी दीर्घ होता.