शेवटून पहिली सोलांज

मक्याच्या पिठाची कल्पना गिस्लेंची. व्हिलर्मों गावच्या रानवाटेच्या शर्यतीचं अध्यक्षपद त्याच्याकडे येऊन जेमतेम एक उन्हाळा झाला होता, आणि नव्या अध्यक्षाला काहीतरी सुधारणा केल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. जंगलखातं झाडांवर रंग मारू देत नाही, पडक्या मठाच्या दगडांना तर साधी फीतही बांधू देत नाही. त्यामुळे मठापुढे जिथे पाच वाटा एकत्र येतात, तिथे बाण काढायचे ते जमिनीवर, पिठाने. आजवर बेकरीतलं पांढरं पीठ चालत आलं होतं. गिस्लें म्हणाला, ऑक्टोबरच्या धुक्यात पांढरं कुणाला दिसतंय? पिवळं कसं उठून दिसेल! शनिवारी दुपारी आपलं औषधांचं दुकान बंद करून, गुडघे टेकून, जीभ बाहेर काढून त्याने असे सुबक बाण काढले की त्याचा त्यालाच मोह पडला.

रविवारी सकाळी बाण नव्हते. रानडुकरांनी ते रात्रीतून चाटूनपुसून लख्ख केले होते. डुकराला भुलवायचं तर रानात मका टाकायचा, हे गावाभोवतीच्या मोर्व्हाँच्या जंगलात कुत्र्यांनाही ठाऊक असतं. पण गिस्लें पडला औषधांच्या दुकानात वाढलेला.

व्हायचं ते झालं. पहिला धावपटू चौकात अवतरला तो स्वागताच्या कमानीच्या बरोबर उलट्या बाजूने, चर्चच्या मागून, आणि त्याच्या मागोमाग दोन गाई. काही मंडळी गॉल लोकांच्या, दोन हजार वर्षांपूर्वीच्या तटबंदीला प्रदक्षिणा घालत बसली. एक बाई पार शेजारच्या गावात निघाल्या. तिथे कुणाचं तरी बारसं होतं. त्या केक खाऊन, कुणाच्या तरी गाडीतून परत आल्या आणि म्हणाल्या, "यंदाचा मार्ग फार छान होता."

शिकाऱ्यांचा म्होरक्या फिर्मां चौकातल्या कट्ट्यावर बसून हे सगळं पाहत होता. गळ्यात पितळी शिंग, शेजारी गाडीत भुंकणारी कुत्री. तो म्हणाला, "आभारी आहे हं, अध्यक्षसाहेब. माझ्या डुकरांना न्याहारी घातलीत. आता पोट जड झालं असेल, पळायची नाहीत फार."

गिस्लेंने हसून घेतलं. दुसरं काय करणार? पण हळूहळू सगळे आले. वेड्यावाकड्या वाटांनी का होईना, आले. त्याचा जीव भांड्यात पडला. आता यायची राहिली होती ती फक्त सोलांज.

सोलांज पेरोदँ या शर्यतीत धावत नाही. ती शर्यतीच्या मागून चालते. सगळ्यांत शेवटच्या माणसाच्याही मागे, फांद्यांना बांधलेल्या फिती एकेक सोडत, आणि सोडलेली फीत स्वतःच्या कमरेला गुंडाळत. गावात शिरेपर्यंत ती पोळ्याच्या बैलासारखी सजलेली असते. पायात मेलेल्या नवऱ्याचे शिकारीचे बूट, हातात काठी, पिशवीत उकडलेली अंडी आणि एक छोटी बाटली, तिच्यात काय आहे ते कुणी विचारत नाही.

उभा जन्म तिने शाळेची बस चालवली. जंगलातल्या वाड्या-वाड्यांवरून पोरं गोळा करायची, संध्याकाळी पुन्हा ज्याच्या त्याच्या दारात नेऊन टाकायची. आज गावात चाळिशीच्या आतबाहेरचा जो कुणी आहे, तो तिच्या बसमध्ये एकदा तरी ओकलेला आहे. त्यामुळे ती सगळ्यांना अरे-तुरे करते, आणि एक फिर्मां सोडला तर सगळे, गिस्लेंसुद्धा, तिला 'मादाम' म्हणून अहो-जाहो करतात. पहिल्या वर्षी, दमलेल्यांना गोळा करून आणायला तिची बस मागितली होती. बस ऐनवेळी बंद पडली. "मग मी पायी जाते," म्हणाली आणि निघाली. तेव्हापासून ते काम तिचं.

धावणं या प्रकाराबद्दल तिचं मत पक्कं आहे. "कोण लागलंय रे यांच्या मागे?" असं ती दरवर्षी, बंदूक वाजून घोळका सुटला की मोठ्याने विचारते. पण शेवटच्या माणसावर तिची फार माया. त्याला ती अंडं सोलून देते, आणि वाटेतल्या प्रत्येक घरातल्या तीन पिढ्यांच्या भानगडी सांगते. या भानगडींची कीर्ती अशी पसरली, की हल्ली चांगल्या दमाची माणसंसुद्धा मुद्दाम रेंगाळतात. मागच्या वर्षी शेवटच्या नंबरासाठी दोन शिक्षकांची बाचाबाची झाली होती. फक्त एका ठिकाणी तिचं तोंड बंद असतं. युद्धात जंगलात लपून लढलेल्या पोरांच्या कबरी आहेत, तिथे. तिथे शर्यतीतलं कुणीच धावत नाही; सगळे चालतात. सोलांजचा काका त्यांच्यातच आहे. ती फक्त त्याच्या दगडावरची पानं काठीने बाजूला करते आणि पुढे निघते.

आता शिकाऱ्यांचं आणि धावणाऱ्यांचं जुनं भांडण होतं. रविवार एक, जंगल एक, आणि दोघांनाही तेच हवं. शेवटी तोड निघाली ती अशी: सकाळ धावणाऱ्यांची. सोलांजने चौकात पाऊल टाकलं की शर्यत संपली, मागे कुणी नाही. मग फिर्मांने शिंग फुंकायचं, कुत्री सोडायची, हाकारा सुरू. जंगलात फोन लागत नाही, त्यामुळे सोलांजचं पाऊल हाच निरोप. ती आली म्हणजे रान मोकळं. त्यानंतर रानात जे हलेल त्याच्यावर बंदूक.

तर त्या रविवारी सोलांज आली. गावाच्या तोंडाशी दगडी धुणीघाट आहे, तिथपर्यंत आली, फितींसकट त्याच्या कठड्यावर बसली, आणि बसूनच राहिली.

चौक तिथून हाकेच्या अंतरावर. लोक वाट पाहून कंटाळले. मंडपात वाइनमध्ये रात्रभर मुरवून शिजवलेल्या बीफचा वास सुटलेला, कुत्र्यांनी भुंकून आकाश डोक्यावर घेतलेलं. गिस्लें धावत... म्हणजे चालत, गिस्लें धावण्याच्या शर्यतीचा अध्यक्ष असला तरी स्वतः कधी धावत नाही... तर चालत धुणीघाटापाशी गेला.

"मादाम, चला ना. सगळे थांबलेत."

"अजून एक जण मागे आहे."

"छे हो! सगळे आले."

"मठाच्या भिंतीमागे कुणीतरी शिंकलं. मी दोनदा हाक मारली. उत्तर नाही."

तोवर फिर्मां पाठोपाठ आलाच होता. "डुक्कर असेल, म्हातारे."

"डुक्कर शिंकत नाही."

"शिंकतं."

"तुझ्या घरचं शिंकत असेल."

"मक्याचं पीठ नाकात गेलं तर कुणीही शिंकेल!" फिर्मां म्हणाला, आणि गिस्लेंने नजर बुटांकडे वळवली.

पण त्याच्याकडे पुरावा होता. ही त्याची यंदाची दुसरी सुधारणा. आजवर कमानीपाशी उभं राहून कुणीतरी आलेल्यांची नावं खोडायचं आणि गप्पांच्या नादात निम्मी विसरायचं. गिस्लेंने छातीवरच्या नंबरालाच जेवणाचं कुपन जोडलं. आलेला माणूस कुपन फाडून मंडपातल्या पेटीत टाकणार आणि ताट घेणार. व्हिलर्मोंचा माणूस एक वेळ स्वतःचं नाव सांगायला विसरेल, जेवण विसरायचा नाही. आणि पेटीत सगळ्यांची कुपनं जमा होती. एकही कमी नाही.

हे त्याने सोलांजला नीट, औषध दिवसातून किती वेळा घ्यायचं ते सांगावं तसं, समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग पिशवीतून शेवटचं अंडं काढून सोलायला लागली.

"बसच्या दारात उभं राहून चाळीस वर्षं मागे वळून बघितलंय, पोरा. रान रिकामं झालंय असं मला नाही वाटत. मी नाही उठणार."

"आणि मी नाही थांबणार," फिर्मां म्हणाला. "अंधार पडायच्या आत डुकरं मिळायला हवीत. एका शिंकेपायी अख्खा रविवार घालवू? सांगून ठेवतो, माझी माणसं तयार झाली की मी शिंग फुंकणार. तू बस इथे कपडे धूत." आणि तो तरातरा चौकाकडे निघाला.

गिस्लेंच्या मनात आलं, म्हातारीला भूक लागली असेल. ताट पुढे आलं की उठेल. म्हणून तो मंडपात रांगेत जाऊन उभा राहिला. त्याच्या पुढे निवृत्त नोटरींच्या पत्नी, मिरेय तेव्हनो. दोन्ही हातांत एकेक भरलेलं ताट.

"भूक लागलीय वाटतं," सोलांजसाठी ताट भरून घेत गिस्लें गमतीने म्हणाला.

"माझं नाही हो एवढं! हे ओनोरेचं. कधी येतोय कोण जाणे. मागच्या वर्षी याला यायला उशीर झाला आणि नुसता रस्सा उरला होता. म्हणून यंदा मी सकाळीच, सुटायच्या आधीच, त्याचं कुपन फाडून घेतलं." बाई हसल्या. "मी एकटीच नाही बरं का, पण बाकीच्यांचे नवरे आले."

गिस्लेंने हिशेब जुळवला. आपले बाण डुकरांनी खाल्ले, आपली कुपनं बायकांनी फाडली, आणि ओनोरे तेव्हनो रानात आहे. चौकाच्या त्या टोकाला फिर्मां कट्ट्यावर चढत होता.

शाळा सुटल्यानंतर पहिल्यांदाच गिस्लें धावला. सोलांजसाठी घेतलेलं ताट हातातच होतं, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. बाकांवरून, गाडीतून उतरवलेल्या कुत्र्यांमधून, मंडपात वाजवायला आलेल्या सॅक्सोफोनवाल्याच्या पायांत पाय अडकवत तो धावला. "थांब! फिर्मां, थांब!" पण तोंडातून आवाजच फुटेना, नुसती शिट्टी. फिर्मांने शिंग ओठांना लावलं होतं, गाल फुगवले होते. गिस्लेंने उरलेल्या दमानिशी त्याच्या पायाला मिठी मारली. बीफ, गाजर, रस्सा, सगळं फिर्मांच्या विजारीवर.

"अरे ए, मूर्खा!"

"ओनोरे... रानात... आहे."

फिर्मां तसाच उभा राहिला. रस्सा पायावरून बुटात उतरत होता. त्याने शिंग खाली घेतलं आणि आपल्या माणसांकडे बघून एकच शब्द उच्चारला, "बंदुका." सगळ्यांनी बंदुका उघडून काडतुसं बाहेर काढली. कुत्रीसुद्धा गप्प झाली, म्हणजे ती रस्सा चाटत होती.

मग फिर्मां धुणीघाटापाशी गेला. सोलांजकडे त्याने पाहिलं नाही. रानाकडे तोंड करून त्याने शिंग फुंकलं, पण हाकाऱ्याची लांब आरोळी नाही. शिकार संपली, घरी या, अशी ती खालच्या सुरातली. पुन्हा पुन्हा फुंकत राहिला, चेहरा वांग्यासारखा होईपर्यंत. मिरेयबाई ओनोरेचं ताट हातात धरून रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या. मघाचं हसू ओठांवरून पार पुसलं गेलं होतं. गिस्लें मनातल्या मनात देवाशी सौदे करत होता. गेली कित्येक वर्षं तो चर्चमध्ये फक्त अंत्यविधीला गेला होता, त्यामुळे कुठून सुरुवात करावी ते त्याला सुचत नव्हतं.

आणि बीच झाडांखालून एक उघडाबंब माणूस येताना दिसला. कमरेला अर्धी चड्डी, पोटावर दोरीने बांधलेला नंबर, आणि अंगातल्या शर्टाचं गाठोडं करून छातीशी धरलेलं. थंडीने निळा पडलेला, पण चेहऱ्यावर दूध पिऊन झालेल्या बाळाचं समाधान. ओनोरे तेव्हनो.

मिरेयबाईंनी ताट रस्त्यावर ठेवलं आणि नवऱ्याला आधी मिठी मारली, मग दोन रट्टे दिले. गिस्लेंला रडू आलं. ते त्याने नाक शिंकरून झाकलं. गाठोड्यातून तपकिरी, टोपीदार, बोटाने दाबलं तर टणक लागणारी ताजी अळंबी डोकावत होती. सेप, म्हणजे या रानातलं सोनंच! आणि तीही एवढी!

"कुठे होतात?" गिस्लेंने विचारलं.

"इकडे तिकडे."

"इकडे म्हणजे?"

"तिकडेच जरा." ओनोरेने गाठोडं आणखी घट्ट धरलं. अळंबीची जागा या भागात माणूस मृत्युपत्रातसुद्धा लिहीत नाही.

सोलांज कठड्यावरून म्हणाली, "मी हाक मारली तेव्हा भिंतीमागे तूच होतास ना? मला बघून लपलास?"

"तुम्हाला बघून नाही, मादाम. तुमच्या तोंडाला भिऊन. तुम्हाला कळलं असतं तर उद्या सकाळी अर्धा तालुका टोपल्या घेऊन तिथे!" मग जरा ओशाळून, "पण तुम्ही गेलात आणि बघतो तर फिती नाहीत, बाण नाहीत. सगळ्या वाटा सारख्या. शिंग वाजलं म्हणून कळलं गाव कुठल्या अंगाला आहे ते."

सगळेजण एकदम हसले. हसण्यासारखं त्यात फारसं नव्हतं, पण मघापासून अडकलेला श्वास कुठून तरी बाहेर पडायला हवा होता. फिर्मां तर रश्शाच्या बुटासकट खाली बसून हसला. हाकारा पुढच्या रविवारवर गेला. अळंबी लोण्यात परतण्यासाठी कुणीतरी तवा आणायला पळालं. औषधवाला म्हणून गिस्लेंनेच ती एकेक उलटसुलट करून खाण्यायोग्य ठरवायची, हा गावचा रिवाज. तो एकेक अळंबी इतका वेळ निरखत बसला की ओनोरेला वाटलं, विषारीच निघाली.

सोलांज उठली, गुडघे चोळले, आणि फितींचा तो सगळा पसारा सावरत एकदाची चौकात शिरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिने त्या मनावर घेतल्या नाहीत. ती भराभरा पुढे निघाली होती. गिस्लें तिच्या बरोबरीने अक्षरशः धापा टाकत चालत होता. त्याचं मन भरून आलं होतं, आणि मन भरून आलं की तो भाषणावर येतो.

"मादाम, सगळं गाव एकीकडे आणि तुम्ही एकट्या एकीकडे. मी उठा म्हणतोय, फिर्मां ओरडतोय, तरी तुम्ही दगडासारख्या बसून राहिलात. एक विचारू? त्या सगळ्या वेळात तुमच्या मनात नेमकं काय चाललं होतं?"

सोलांज मंडपाच्या मागच्या संडासाचं दार उघडत म्हणाली, "लघवीला लागली होती."