व्हेनिसची शनिवार पेठ

लग्न पुण्यात झालं आणि आठवड्याभरात मी अमेरिकेत कॅरीला येऊन पडले. नवऱ्याची रजा संपली होती, म्हणून हनिमून पुढे ढकलला. २००५ सालच्या मे महिन्यात आम्ही व्हेनिसला निघालो, तोवर मी चांगलीच चिडचिडी झाले होते. व्हिसावर माझी ओळख ‘डिपेंडंट’, आणि खरोखरच कोथिंबीर आणायची तरी नवरा ऑफिसातून येईपर्यंत थांबावं लागे. बस नाही, फुटपाथ नाही, दोन्ही बाजूंना पाइनची झाडं आणि सगळे रस्ते एकसारखे. ड्रायव्हिंग टेस्टमध्ये मी दोनदा नापास झाले. दुसऱ्यांदा तर उजवीकडे म्हटल्यावर डावीकडे वळले. तेव्हा नवरा समजुतीने म्हणाला, “काहींना रस्त्यांचा सेन्सच नसतो. मी आहे ना, सोडत जाईन.” तो प्रेमानेच बोलला, पण मला रडू फुटलं, कारण मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. पुन्हा टेस्ट देणार नाही, असं मी सांगून टाकलं.

नवरा नागपूरचा. सरळ रस्त्यांवर वाढलेला, त्यात अमेरिकेची भर. निघण्याआधी त्याने ऑफिसात नकाशे छापून घेतले होते. व्हेनिसला बोटीतून उतरल्यावर तो नकाशा धरून पुढे आणि मी बॅग ओढत मागे. हॉटेलच्या पत्त्यात रस्त्याचं नाव नव्हतंच, नुसतं भागाचं नाव आणि चार आकडी नंबर. अमेरिकेत घरांचे नंबर शिस्तीत वाढत जातात, तसे इथेही जातील असं तो धरून चालला. इथे मात्र एका बोळात नंबर वाढायचे आणि पूल ओलांडला की भलतेच यायचे. बॅगा उचलून तोच पूल पुन्हा चढायची वेळ आली, तेव्हा त्याने हात टेकले. “या लोकांना साधं अॅड्रेसिंग जमत नाही यार,” म्हणत तो पुलाच्या पायरीवर बसला.

मी भिंतीवरचा नंबर पाहिला आणि मला हसूच आलं. माझ्या माहेरचा पत्ता अगदी असाच. शनिवार पेठ, पुढे आकडा, संपलं. त्या आकड्यावरून आमचं घर पोस्टमनखेरीज आजवर कुणाला सापडलेलं नाही. पेठेत नंबर शोधत फिरायचं नसतं, माणूस गाठायचा असतो. भाजीची पिशवी घेतलेल्या एका आजींना मी थांबवलं आणि हॉटेलचं नाव घेतलं. त्यांनी इटालियनमध्ये बरंच काही सांगितलं, मी मराठीत मान डोलावली. बेकरीशेजारच्या बोळात शिरायचं आणि कोनाड्यातल्या मेरीपाशी वळायचं, एवढं हातवाऱ्यांतून कळलं. हॉटेल तो बसला होता त्या पुलाच्या मागेच निघालं. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

त्यानंतर नकाशा बॅगेतच राहिला. मी पुढे, नवरा माझा हात धरून मागे. मुखवट्यांचं दुकान, कललेला घंटाघराचा मनोरा, दोरीवर वाळणाऱ्या चादरी, अशा खुणा धरत मी त्याला कुठून कुठे फिरवलं. एकदाही चुकले नाही. रस्ता शोधायचं काम सुटल्यामुळे त्यालाही शहर दिसायला लागलं. एका संध्याकाळी कालव्याच्या काठी पाय सोडून बसलो असताना तो म्हणाला, “मला इथे एकट्याला सोडलंस तर मी हॉटेलवर पोचणार नाही.”

“मी आहे ना, सोडत जाईन,” मी म्हटलं.

तो जोरात हसला. मला इतका आनंद लग्नाच्या दिवशीही झाला नव्हता.

कॅरीला परत आल्यावर मी टेस्टची तारीख घेतली. सराव करताना त्याला बजावलं, नॉर्थ-साउथ आणि मैल माझ्याशी बोलायचे नाहीत. पिवळ्या छपराची लॉन्ड्री, मोडकं कोठार, निळ्या दाराचं चर्च, अशी माझी पेठ मीच वसवली. या वेळी पास झाले. लायसन्स हातात आल्यावर एक दिवस तो मित्राच्या गाडीने ऑफिसला गेला आणि संध्याकाळी त्याला आणायला मी निघाले. एकटी. हायवेवर उजवीकडची लेन सोडली नाही आणि चुकलेही नाही.

तो बाहेर आला, सोबत ऑफिसातले दोघं होते. सवयीने सरळ ड्रायव्हरच्या दाराशी येऊन त्याने किल्लीसाठी हात पुढे केला. मी काच खाली केली.

“पलीकडून बस,” मी म्हटलं.