हळदीकुंकवाच्या दुपारची बैठक

आमचं बालमंदिर टोपी बाजारामागच्या एका गल्लीत, दोन खोल्यांत भरायचं. ते काढलं मोठ्या बाईंनी. कोवळ्या वयात विधवा होऊन त्या माहेरी परतल्या आणि भावाची पोरं सांभाळता सांभाळता गल्लीतली सगळीच गोळा करून बसल्या. मी लग्न होऊन ग्वाल्हेरला आले, थोडंफार शिकलेली होते, घरात जीव रमत नव्हता. त्यांनी मला हाताशी घेतलं. मुलं त्यांना मोठ्या बाई म्हणत, मला धाकट्या.

खर्च दोन्हीकडून चाले. काही दरबाराकडून येई, उरलेलं आपल्या मराठी घरांतल्या बायका देत. आणि त्या देत हळदीकुंकवाला. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघर जायचं, तिळगूळ खायचा, वाण घ्यायचं आणि उठता उठता बालमंदिराचा विषय काढायचा. हे काम माझं. मोठ्या बाईंना हळदीकुंकवाला कोण बोलावणार? त्या गल्लीच्या तोंडाशी मला पोचवायला येत आणि बजावत, "गोड बोल गं, तुझी जीभ तिखट आहे." ती होतीच. पण देणाऱ्या बायकांच्या लेखी बालमंदिर म्हणजे मी, असं होऊन बसलं.

मग संस्थान विलीन झालं, मध्यभारत सरकार आलं. बाड्याच्या चौकातल्या कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या आणि दरबारची मदत थांबली. आता शाळा बुडते की काय, या धास्तीत असतानाच नव्या सरकारनं कळवलं: निम्मा खर्च आम्ही उचलू, निम्मा लोकांनी उचलावा. शिक्षिका मात्र एकच, पगारी. तिचं नाव देणगीदारांनी बैठकीत ठरवावं. ती नोकरी मोठ्या बाईंना मिळणं भाग होतं. भाऊ गेला होता आणि भावजय ताट वाढताना टोमणे मारू लागली होती. माझा नवरा बँकेत होता, मला काही कमी नव्हतं.

बैठक ठेवली कुठे, तर एका सरदारांच्या घरी, हळदीकुंकवाच्या दुपारी. "त्या दिवशी अनायासे सगळ्या जमतात," यजमानीणबाई म्हणाल्या. मोठ्या बाई तिथे येऊ शकणार नाहीत, हे कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. माझ्या आलं. पण दुसरा दिवस मागायचा तर कारण सांगावं लागलं असतं, आणि भरल्या घरात ते उच्चारायची माझी छाती झाली नाही. माझी तिखट जीभ कुठे पेंड खायला गेली होती कोण जाणे.

सरकारी निरीक्षिका हिंदी बोलणाऱ्या. आपल्या रीती त्यांना काय ठाऊक! कुंकू लावून घेत त्यांनी हसून विचारलं, "तो इनमें शिक्षिका कौन हैं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ये हैं ना! हर साल यही तो आती हैं," यजमानीणबाई म्हणाल्या. मी उभी राहिले. तोंड उघडणार तोवर टाळ्या सुरू झाल्या. आणि खोटं कशाला सांगू, त्या मला गोड वाटल्या.

तिथून मी तडक मोठ्या बाईंकडे गेले. "मला नको म्हणून लिहून देते," म्हणाले. मला रडू आवरत नव्हतं.

"वेडी की काय? मंजुरी वापस गेली तर पोरं कुठे जातील?" त्या म्हणाल्या. मग पदर सारखा करत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पोरांचं करायला एखादी दाई लागेलच ना? विचारून बघशील त्यांना?"

मी विचारलं. सगळ्या लगेच हो म्हणाल्या. शिक्षिका सरकारच्या वाट्याला आली, दाई लोकांच्या.

पहिल्या दिवशी माझ्यासाठी खुर्ची मांडलेली होती. मोठ्या बाई दाराशी पोत्यावर बसल्या. अंगणात एक पोर पडलं आणि रडत माझ्यासमोरून धावत थेट त्यांच्या कुशीत शिरलं. त्यांनी त्याचा गुडघा पुसला, मग बोट धरून त्याला माझ्या खुर्चीपाशी आणून उभं केलं.

"बाई ह्या आहेत," त्या त्याला म्हणाल्या. "रडू आलं की ह्यांच्याकडे यायचं."

मी हात पुढे केले. ते पोर पुन्हा दाराकडे पळालं. त्यांनी पुन्हा त्याला उचलून माझ्याकडे आणलं.