आजची पातळी

साखरेचा आजार लपवून ठेवायचा असतो, ही आमच्या कॉलनीची जुनी समजूत एका माणसानं एकट्यानं मोडीत काढली, तीही जिन्यात उभं राहून, खणखणीत आवाजात. आमच्या वरच्या मजल्यावरचे चाचा. मूळचे खुलताबादचे, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. नोकरीभर धरणावरची मोजपट्टी वाचायची आणि आकडा वर कळवायचा, हे त्यांचं काम. रिटायर झाल्यावर धरण सुटलं, कळवणं काही सुटलं नाही. रोज सकाळी बोटाला सुई टोचून यंत्रावर साखर बघायचे आणि दार उघडून अख्ख्या बिल्डिंगला सांगायचे, "आजची पातळी एकशे बहात्तर!" साखर हा शब्दच त्यांच्या तोंडी नसे. लग्नात जेवून आले की 'आवक वाढली', आणि ती उतरवायला क्रांती चौकापर्यंत पायी गेले की 'विसर्ग चालू'. "लोगां हसते, अजी," असं चाची पदराआडून म्हणत राहायच्या, पण चाचांना त्याचं काही नव्हतं. डॉक्टरकडे ते महिन्याभराचे आकडे असे वाचून दाखवत, की बाहेरचे पेशंटसुद्धा आपलं दुखणं विसरून ऐकत बसत.

या सवयीनं एकदा भलताच घोळ केला. दुष्काळाचं वर्ष होतं. शेंद्र्याकडं कंपन्या वाढत होत्या, शहर तिकडं पसरत चाललं होतं आणि नळाला पाणी मात्र आठ-आठ दिवस नाही. तळमजल्यावर नवं भाडेकरू जोडपं आलं होतं. वरचे चाचा धरणावरचे, एवढंच त्यांना ठाऊक. सकाळी जिन्यातून आवाज आला, "पातळी वाढली! लई वाढली!" झालं. त्या बाईनं शेजारणीला सांगितलं, शेजारणीनं गल्लीला, आणि दुपारपर्यंत चार घरच्या बायकांनी साठवलेल्या पाण्यात गोधड्या धुऊन गच्चीवर वाळत घातल्या. चाचांना कळलं तेव्हा ते घरोघर जाऊन हात जोडत होते, "बाई, धरणाची नाय, माझी." आणि नुसते हात जोडून थांबले नाहीत. टँकर आला तेव्हा आपल्या वाट्याच्या बादल्या त्यांनी स्वतः उचलून त्या चार घरांत नेऊन दिल्या.

आम्ही सगळे पोट धरून हसलो. मीही हसले, पण त्या वर्षी माझं हसणं काही खरं नव्हतं. आमच्या घरात माठातलं पाणी रात्रीतून, दिवसातून, कधीही गायब व्हायचं. सासूबाईंनी पाझरतोय म्हणून माठ बदलला. नवाही तसाच. त्यांनी कुंभाराच्या नावानं बोटं मोडली, तिसरा आणला. माठ तिन्ही धड होते. पाणी मी पीत होते. तपासणीचा कागद बँकेतल्या माझ्या ड्रॉवरमध्ये तळाशी घालून ठेवला होता. माझी आई याच आजारानं गेली, शेवटी तिचा पाय काढावा लागला होता. माझं नाव त्या रांगेत लागलंय हे घरी सांगायची मला भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर लाजही.

एकदा टँकरजवळ मी भरलेल्या हंड्यातून उभ्या उभ्या तीन तांबे पाणी प्यायले. चाचा मागंच होते. दुसऱ्या दिवशी जिन्यात त्यांनी मला थांबवलं आणि त्या माणसाचा हळू आवाज मी जन्मात पहिल्यांदा ऐकला.

"बेटी, माठ फुटका नाय तुमचा. आमच्या घरी पण दोन माठ असेच बदलले होते. पातळी किती?"

"एकशे चाळीस," मी पटकन म्हणाले.

ते एक पायरी खाली उतरले. "धरण पार तळाला गेलं तरी मी आकडा खोटा कळवला नाय. तळ दिसतोय तर तळ लिवायचा. त्यात धरणाचा काय गुन्हा?"

मला रडूच कोसळलं. रडत रडत खरा आकडा सांगितला, तीनशे दहा. कुणालाही पहिल्यांदाच. "बस," चाचा म्हणाले, "आता इलाज करता येईल." त्याच संध्याकाळी मी घरी सांगितलं. सासूबाईंनी आधी माठाकडं बघितलं. मग म्हणाल्या, "आणि मी त्या कुंभाराला बोल लावला गं," आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

त्याला बरीच वर्षं झाली. समोर सात मजली इमारती उठल्या, टँकर अजून येतातच. चाचांची नजर साखरेनं अधू केली. यंत्रावरचा आकडा त्यांना दिसत नाही, म्हणून बँकेत जायच्या आधी मी वर जाऊन वाचते. परवा ईदच्या दुसऱ्या दिवशी दोनशे नव्वद आली. शीरखुर्म्याची वाटी कुणी दिली ते चाचींच्या डोळ्यांत दिसत होतं. मी म्हणाले, "एकशे नव्वद, चाचा."

चाचांनी कान माझ्याकडं वळवला. "बेटी, तुझा आवाज खाली आला."

मी खरा आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली, भिंत चाचपत दारापर्यंत गेले आणि पुकारा केला. पण हल्ली त्यांचा आवाज एका मजल्याच्या खाली पोचत नाही. म्हणून जिन्यात मीच उभी राहते. आधी त्यांची पातळी सांगते, मग माझी.