मशीनची शिकवणी

बडोद्यातल्या औषधांच्या कारखान्यात मी बावीस वर्षं एकच काम केलं. पट्ट्यावरून सरकणाऱ्या गोळ्यांतली तुटकी, डागाळलेली गोळी नजरेने हेरायची आणि उचलून टाकायची. मागच्या वर्षी त्याच कामासाठी कॅमेऱ्याचं मशीन आलं आणि माझी झोप उडाली.

नजर आणखी तेज व्हावी म्हणून मी निजामपुऱ्यातल्या घरी सराव सुरू केला. टेबलावर काळं कापड, त्यावर तांदूळ आणि वर दिवा. रोजचे तांदूळ मीच निवडू लागलो.

"अहो, कुकर लावायचाय," बायको म्हणायची. "तुमची परीक्षा संपली की सांगा."

आमची लेक फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती म्हणाली, "बाबा, पुढे हे सगळं मशीनच करणार. आपण फक्त त्याला शिकवायचं."

मी हसण्यावारी नेलं. पण सोमवारी साहेबांनी बोलावलं, कारण मशीन चांगल्या गोळ्याही फेकून देत होतं. साहेब माझ्याहून वीस वर्षांनी लहान. गुजरातीत म्हणाले, "काका, हवे तमे ज एने शीखवाडो." म्हणजे चांगली गोळी कुठली आणि वाईट कुठली, हे आता मी मशीनला दाखवायचं होतं. नोकरी वाचली.

त्या संध्याकाळी जेवताना मी छाती फुगवून म्हणालो, "माझ्यासारखी नजर आख्ख्या बडोद्यात नाही, म्हणून तर मशीनला माझी शिकवणी लावलीय."

तेवढ्यात लेकीच्या दाताखाली कचकन खडा आला. तिने तो ताटात मिठाशेजारी नीट वाढून ठेवला.

"बाबा," ती म्हणाली, "हे मशीनला कळू देऊ नका."